माचू पिच्चू शेवटी ठेवा: पहिल्यांदाच अँडीजला निघणाऱ्या मित्रमंडळींसाठी

पेरूला जायचं ठरलं की ग्रुपवर सगळ्यात आधी माचू पिच्चूचा, म्हणजे डोंगरावरच्या त्या जुन्या इंका नगराचा, फोटो येतो आणि मग सगळा बेत त्या एका फोटोभोवती आखला जातो. लिमाला उतरायचं, विमानाने कुस्को गाठायचं, दुसऱ्या दिवशी ट्रेन, तिसऱ्या दिवशी माचू पिच्चू, की परत. कागदावर हे सोपं दिसतं. पण लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को ३,४०० मीटरवर. विमान हे अंतर सुमारे सव्वा तासात कापतं. शरीराला त्याच उंचीशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. घाई केलेल्या ग्रुपमध्ये पहिल्याच रात्री दोघातिघांचं डोकं ठणकायला लागतं आणि इतक्या लांब येऊन सुट्टीचे पहिले दिवस हॉटेलच्या खोलीत जातात.

या घाईत आणखी एक गोष्ट हातची जाते. इंकांचं, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधी अँडीजवर राज्य करणाऱ्यांचं, साम्राज्य वाटांनी बांधलेलं होतं. आजच्या कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत गेलेलं त्यांचं रस्त्यांचं जाळं, कापाक न्यान, ३०,००० किलोमीटरहून मोठं होतं. २०१४ साली सहा देशांचं मिळून ते जागतिक वारसा यादीत आलं. चाकाची गाडी नाही, लोखंड नाही, लिपी नाही. निरोप आणि गाठी मारलेल्या दोऱ्यांचे हिशेब पळणाऱ्या जासुदांच्या हातून जायचे. ही माणसं डोंगरात कशी वावरली हे गाडीच्या खिडकीतून कळत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच: खालून वर जा, मधला भाग पायी करा आणि माचू पिच्चू शेवटी ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्या, कदाचित हिमालयात एखादा ट्रेक केलेल्या, पण दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या चार-पाच जणांचा ग्रुप डोळ्यांसमोर ठेवला आहे.

पायरी १: महिना आणि सुट्टी

कुस्कोच्या डोंगरांत मे ते सप्टेंबर कोरडा मोसम. म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे आकाश निळं असतं. नोव्हेंबरपासून पाऊस वाढतो, जानेवारी-फेब्रुवारीत दरडी कोसळून रस्ते आणि रेल्वे बंद पडतात, आणि माचू पिच्चूला पायी नेणारा इंका ट्रेल तर दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच असतो. जून-जुलैत हवा सगळ्यात चांगली, पण गर्दीही सगळ्यात जास्त. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो. त्या आठवड्यात खोल्या मिळणं अवघड होतं. मला मे सगळ्यात आवडतो. पाऊस नुकताच संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात.

किमान अठरा दिवस काढा, तीन आठवडे असतील तर उत्तम. त्यातले दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा. पेरूत ‘पारो’ म्हणजे बंद आणि रस्ता रोको वरचेवर होतात, आणि त्यात डोंगराळ भागातल्या वाटा आधी अडतात. २०२३च्या जानेवारीत राजकीय आंदोलनामुळे माचू पिच्चू २१ तारखेपासून जवळजवळ चार आठवडे बंद होतं. असे दोन दिवस हाताशी असले तर ग्रुपचा जीव टांगणीला लागत नाही.

पायरी २: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. तो दिल्लीतल्या दूतावासातून मिळतो. मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा, किंवा तिथलं कायमचं वास्तव्य असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पुण्या-मुंबईचे दोघं आणि न्यू जर्सीचे दोघं असा मिश्र ग्रुप असेल तर प्रत्येकाचं वेगळं तपासा. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाकडूनच खात्री करून घ्या.

भारतातून लिमाला थेट विमान नाही. युरोपमार्गे जा किंवा अमेरिकामार्गे. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा मागतात. स्वस्त तिकिटाच्या मोहात हे राहून जातं.

आता सगळ्यात दुर्लक्षित कागद: पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड. कुस्को आणि माचू पिच्चूच्या उंचीवर या तापाचा धोका जवळपास नसतो, त्यामुळे परदेशी माहितीपत्रकांत ही लस ‘जंगलात जाणार असाल तर’ एवढीच लिहिलेली असते. पण भारताच्या दृष्टीने पेरू हा पिवळ्या तापाचा देश आहे. परतताना कार्ड नसेल तर विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. निघण्याच्या महिनाभर आधी हे काम उरका.

विमा घेताना पॉलिसीतला उंचीचा रकाना वाचा. साध्या प्रवास विम्यात ३,००० किंवा ४,००० मीटरच्या वरचा ट्रेक वगळलेला असतो. ५,००० मीटरपर्यंत ट्रेकिंग आणि तातडीने खाली आणण्याचा खर्च, या दोन्ही गोष्टी त्यात असायला हव्यात.

पायरी ३: ग्रुप

चार जण हा आकडा सोयीचा. एका टॅक्सीत मावतात, दोन तंबू पुरतात, दोन-दोनच्या जोड्या होतात. निघण्याआधी एकदा प्रत्यक्ष भेटून तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या.

एक, पैसे. रोजची काँट्री एकाच्या हातात, हिशेब दुसऱ्याकडे, आणि दर दोन-तीन दिवसांनी सगळ्यांसमोर मोजणी. दोन, वेग. सगळ्यात हळू चालणारा पुढे आणि सगळ्यात तगडा शेवटी. उंचीवर हा नियम सह्याद्रीपेक्षाही कडक पाळावा लागतो, कारण तिथे वेगाचा आणि फिटनेसचा संबंध राहत नाही; इथे राजगड धावत चढणारा तिथे बसकण मारू शकतो. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: उंचीचा त्रास वाढला तर तो माणूस खाली उतरणार, त्याच्यासोबत एक जण उतरणार, आणि त्यावर चर्चा होणार नाही. हा निर्णय घरी बसून झालेला असला पाहिजे. ४,००० मीटरवर, थंडीत, पैसे भरलेले असताना तो घ्यायची वेळ आली की माणसं ‘बघू सकाळी’ म्हणतात. त्रास लपवणाऱ्याला तोंड उघडायला अवघड वाटू नये, म्हणून हे आधी ठरलेलं बरं.

पायरी ४: वाट निवडा

नवख्यांसमोर प्रामुख्याने तीन वाटा असतात.

इंका ट्रेल सगळ्यात प्रसिद्ध. ओयांताय्तांबोच्या पुढे रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपासून सुरू होतो, सुमारे ४३ किलोमीटर, चार दिवस. ही वाट स्वतःच इंकांची आहे: दगडी पायऱ्या, कातळातून कोरलेला बोगदा, धुक्यात वर येणारी सायाक्मार्का आणि उतारावर पसरलेली विन्याय वायना ही इंकांची जुनी ठिकाणं, आणि शेवटी सूर्यद्वारातून माचू पिच्चूचं पहिलं दर्शन. सगळ्यात उंच खिंड ४,२१५ मीटर. पण इथे स्वतःच्या जोरावर जाता येत नाही. परवानाधारक कंपनीबरोबरच जावं लागतं, आणि दिवसाला पोर्टर-गाइडसह एकूण ५०० जणांनाच प्रवेश असतो, त्यात ट्रेकर साधारण दोनशे. मे ते ऑगस्टच्या जागा कित्येक महिने आधी संपतात. परवाना पासपोर्टवर निघतो, नाव बदलता येत नाही. पाचपैकी एक जण गळला तर त्याची जागा वाया जाते. कंपनी निवडताना पोर्टरना पगार किती, त्यांना झोपायला तंबू आणि अंगावर नीट कपडे आहेत का, हे विचारा. पोर्टरच्या पाठीवर २० किलोहून जास्त ओझं नको असा कायदा आहे आणि वाटेवरच्या चौकीत वजनही होतं. सगळ्यात स्वस्त कंपनी हा फरक या माणसांच्या पाठीवरूनच भरून काढते. तिथे पैसे वाचवू नका.

दुसरी वाट साल्कांताय. परवान्याची मर्यादा नाही, ग्रुप स्वतः जाऊ शकतो, मुक्कामाला छोटी निवासं आणि जेवण मिळतं. पहिला मुक्काम सोरायपांपाला ३,९०० मीटरवर, दुसऱ्या दिवशी ४,६०० मीटरच्या आसपासची खिंड, समोर ६,२७१ मीटरचा बर्फाळ साल्कांताय. तिथून एका दिवसात इतकं उतरता की संध्याकाळी जाडजूड जाकिटं काढून झाडीतल्या दमट हवेत बसलेले असता. पुढे कॉफीच्या बागा आणि यक्तापाता नावाची एक छोटी वास्तू, जिथून दरीपलीकडे माचू पिच्चू दिसतं. डोंगर पाहायचे असतील तर ही वाट. पण खिंड खरोखर उंच आहे आणि उंचीची नीट सवय झाल्याशिवाय तिथे जाऊ नये.

तिसरी, चोकेकिराओ या इंका नगराची. तुमचा ग्रुप सह्याद्रीतला असेल तर मी हीच सुचवेन. नकाशावर ती सोपी दिसते, कारण उंची जेमतेम ३,००० मीटरच्या आसपास. प्रत्यक्षात कापुलियोकपासून आपुरिमाक नदीपर्यंत जवळपास १,४०० मीटर सरळ उतार, पूल ओलांडला की तितकाच छातीवर येणारा चढ, आणि परतताना हेच पुन्हा. दरीत ऊन भाजून काढतं, माती सुटी, घसारा भरपूर, नदीकाठी चावणाऱ्या बारीक माश्या. ही सगळी लक्षणं एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीच्या घाटवाटा उतरलेल्या माणसाच्या ओळखीची आहेत. उंचीचा धोका इथे सगळ्यात कमी, पायांची परीक्षा सगळ्यात जास्त. म्हणजे आपल्याकडे सराव करून जी ताकद कमावता येते तीच इथे कामाला येते. उंचीची सवय मात्र मुंबईत बसून कमावता येत नाही.

कुस्कोहून अबांकायच्या बसने काचोराच्या फाट्यावर उतरायचं (सुमारे चार तास), तिथून टॅक्सीने काचोरा किंवा थेट कापुलियोक. चार दिवस जायला-यायला. पहिला मुक्काम चिकिस्का, दुसरा मारांपाता. इथल्या मुक्कामांवर स्थानिक कुटुंबं तंबूला जागा देतात, पाणी देतात आणि सांगितलं तर साधं जेवणही. सॅक जड वाटली तर खेचर आणि खेचरवाला काचोरातून ठरवा. उतारावर गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी संकोच न करता ठरवावा.

वर पोहोचल्यावर जे दिसतं त्यासाठी ही सगळी मेहनत. उंच धारेवर सपाट केलेला चौक, त्याच्या कडेने दुमजली घरं, आणि मागच्या बाजूला अतिशय तीव्र उतारावरच्या शेतांच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या भिंतींत काळसर दगडांमध्ये पांढरे दगड बसवून लामांची रांग काढली आहे. मोठा भाग अजून झाडीखालीच आहे. माचू पिच्चूला दिवसाला हजारो माणसं येतात. इथे एका दिवसात मोजकेच ट्रेकर भेटतात. स्पॅनिश लोकांनी कुस्को घेतल्यावर इंका याच विल्काबांबाच्या डोंगररांगांत मागे हटले आणि १५७२पर्यंत लढत राहिले. त्या वर्षी शेवटचा राजा तुपाक आमारू पकडला गेला आणि कुस्कोच्या चौकात त्याला मारलं. किल्ल्यांवर वाढलेल्या आपल्या मंडळींना हा भूगोल पाहताच त्यांनी डोंगर का धरला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ५: माचू पिच्चूचं तिकीट

भेट शेवटी असली तरी तिकीट आधी काढायचं. रोजच्या प्रवेशसंख्येवर मर्यादा आहे (सर्वसाधारण दिवशी ४,५००, गर्दीच्या ठरावीक तारखांना ५,६००) आणि २०२४पासून तीन मार्ग आखले आहेत. पहिला वरच्या पायऱ्यांचा, जिथून तो सगळ्यांच्या ओळखीचा देखावा दिसतो. दुसरा देखावा आणि नगराचा मुख्य भाग दोन्ही दाखवतो. तिसरा खालच्या बाजूचा. वायना पिच्चूच्या शिखराचं तिकीट याच मार्गाला जोडलेलं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुसराच मार्ग घ्यावा. म्हणूनच तो सगळ्यात आधी संपतो. सरकारी संकेतस्थळावरून काढा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. इंका ट्रेलवाल्यांचं तिकीट कंपनी काढते. तारीख सहलीच्या शेवटच्या तीन-चार दिवसांतली धरा, आणि मोकळे दोन दिवस तिच्या आधी ठेवा.

पायरी ६: सॅक

सामान १० किलोच्या आसपास बसवा. थरांचे कपडे, वाऱ्या-पावसाचं जाकीट, लोकरी टोपी आणि हातमोजे, रुंद काठाची टोपी, चांगला गॉगल, भरपूर सनस्क्रीन. ४,००० मीटरवर थंड वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी चेहऱ्याची साल निघते. जून-जुलैत सोरायपांपासारख्या जागी रात्री पारा शून्याच्या खाली जातो, त्यामुळे स्लीपिंग बॅग त्या हिशेबाची. नसेल तर कुस्कोत भाड्याने मिळते. तंबू, काठ्या, स्टोव्हही मिळतात. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्या. बूट मात्र घरूनच वापरून मऊ केलेले असावेत. नळाचं पाणी पिऊ नका. फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्या प्रत्येकाजवळ हव्यात.

खाण्याचं थोडं सविस्तर, कारण शाकाहारी मंडळींना हीच धास्ती असते. अँडीज हा बटाट्याचा मूळ प्रदेश. बाजारात जांभळे, पिवळे, गाठाळ असे कितीतरी प्रकार दिसतील. किनवा सगळीकडे, मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस चीजबरोबर रस्त्यावर, आणि किविचा, म्हणजे आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातलं धान्य, ज्याच्या वड्या कुस्कोच्या सॅन पेद्रो बाजारात मिळतात. ट्रेकवर खिशात ठेवायला यापेक्षा चांगलं काही नाही, आणि उपवासाला राजगिऱ्याचा लाडू खाल्लेल्याला चव लगेच ओळखू येईल. अडचण सूपची: भाजीचं दिसलं तरी मटण किंवा कोंबडीच्या पाण्यात उकळलेलं असतं. आणि नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की कोंबडी येते, कारण ‘कार्ने’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी लाल मांस. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत). दुपारी ‘मेनू देल दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, घेतलं तर सूप, मुख्य पदार्थ आणि सरबत स्वस्तात होतं. घरून न्यायचंच तर सीलबंद कोरडे पदार्थ न्या आणि लिमाला उतरताना अर्जावर लिहा. ताजी फळं, बिया, घरगुती पुड्या नकोत.

पायरी ७: उतरल्यावर आधी खाली जा

कुस्कोच्या विमानतळावरून शहरात मुक्काम न करता तडक पवित्र दरीत उतरा. ओयांताय्तांबो २,८०० मीटरच्या आसपास आहे, कुस्कोहून तब्बल सहाशे मीटर खाली. तिथे किमान दोन रात्री. पहिल्या दिवशी काही करू नका: पाणी, हलकं जेवण, दारू बंद, सावकाश चालणं. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो आणि स्थानिक लोक तो पितातच. बरं वाटतं, पण त्याला औषध समजू नका. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, घ्यायचं की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर.

लक्षणं प्रत्येकाला माहीत हवीत. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीचं. तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरायचं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका.

या सक्तीच्या निवांत दिवसांत ओयांताय्तांबो पाहून होतं, आणि हे गाव सावकाशच पाहायचं आहे. इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत आजही लोक राहतात, गल्लीच्या कडेने त्यांच्याच काळातले पाट वाहतात. वरच्या सूर्यमंदिराशी गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडच्या डोंगरावर, काही किलोमीटर दूर. शिळा तिथून दरीत उतरवून, नदी ओलांडून, पुन्हा वर चढवल्या, चाकाशिवाय. वाटेत सोडून दिलेल्या काही शिळा अजून तशाच पडल्या आहेत. १५३७ साली मांको इंका या राजाने इथेच स्पॅनिश तुकडीला हरवलं. खालच्या मैदानात पाणी सोडून त्याने घोडदळ अडकवलं. समोरच्या पिंकुयूना डोंगरावर धान्याची कोठारं आहेत. तिथे तिकीट नाही, चढ तासाभराचा, आणि दुसऱ्या दिवशी फुप्फुसं तपासायला तो पुरेसा आहे.

पायरी ८: पिसाक, मोराय, कुस्को

कुस्कोचं एकत्रित पर्यटन तिकीट घ्या. दहा दिवस चालतं आणि त्यात सोळा ठिकाणं येतात: ओयांताय्तांबो, पिसाक, मोराय, चिंचेरो, साक्सायवामान वगैरे. मारासची मिठागरं आणि कुस्कोतलं कोरिकांचा त्यात नाहीत. पिसाकला टॅक्सीने वरच्या दाराशी जा आणि वास्तू पाहत पायवाटेने गावात उतरा; उलट करणारे दमून जातात. मोरायच्या गोल पायऱ्या आणि मारास एकाच दिवसात होतात.

मग कुस्कोत तीन रात्री. कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनी मठ बांधला. १९५०च्या भूकंपात मठ मोठ्या प्रमाणावर ढासळला, खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या. त्या तशा का राहिल्या ते बोटाने तपासून पाहता येतं: चुना नाही, सांधे घट्ट, भिंत आतल्या बाजूला झुकलेली, दारं-कोनाडे वर निमुळते. हे एकदा डोळ्यात बसलं की पुढच्या प्रत्येक ठिकाणी कुठली भिंत देवळाची आणि कुठली गोठ्याची हे तुम्हीच ओळखू लागता. शहराच्या वरच्या साक्सायवामान या इंका तटबंदीला शहरातून चढत जा. नागमोडी तटाच्या तीन रांगा आहेत आणि सगळ्यात मोठे दगड शंभर टनांच्या पुढचे. १५३६च्या वेढ्यात हा तट जिंकताना पेरू जिंकायला आलेल्या पिझारो या स्पॅनिश भावंडांपैकी हुआन मारला गेला. भिंतींवर बसू नका, दगडांवर चढू नका. पहारेकरी शिट्टी वाजवतात आणि ते योग्यच आहे.

पायरी ९: ट्रेक

मोठं सामान हॉटेलवर ठेवा, मोबाइलला नेटवर्क नसेल हे घरी कळवा (भारत साडेदहा तास पुढे आहे), छोट्या नोटा सोबत घ्या. डोंगरात कार्ड चालत नाही आणि शंभर सोलची (सोल हे पेरूचं चलन) मोड मिळत नाही. पहाटे लवकर निघा. दुपारनंतर ढग येतात. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या नाही. ज्यांच्या अंगणात मुक्काम कराल ती माणसं केचुआ ही अँडीजची जुनी भाषा बोलणारी शेतकरी आहेत. फोटो विचारून काढा, भाव घासू नका, कचरा आपल्याबरोबर परत आणा.

पायरी १०: माचू पिच्चू

साल्कांतायची वाट हिद्रोएलेक्त्रिका इथे संपते आणि तिथून रुळांच्या कडेने १०-११ किलोमीटर चालत माचू पिच्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस या गावी पोहोचता. चोकेकिराओहून कुस्कोला परतून एक दिवस विश्रांती घ्या, मग ओयांताय्तांबोहून ट्रेन पकडा. ट्रेनमध्ये छोटीच बॅग चालते. खालच्या गावातून पहाटे साडेपाचपासून बस वर जातात; पायऱ्यांनी दीड तास.

पासपोर्ट मूळ हवा. ४० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरहून मोठी बॅग, टोकाला रबर नसलेल्या काठ्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आत नेता येत नाहीत. आत स्वच्छतागृह नाही. गाइड घ्या, चौघांत वाटल्यावर खर्च फार येत नाही.

हे नगर पंधराव्या शतकाच्या मध्यात पाचाकुती या इंका राजाच्या काळात वसलं. १९११च्या जुलैत हिराम बिंगम या अमेरिकन संशोधकाला मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने इथे आणलं, आणि तेव्हाही पायऱ्यांवर कुटुंबं शेती करत होती. ‘हरवलेलं’ ते फक्त बाहेरच्यांसाठी होतं. फोटो काढून झाले की पाण्याकडे बघा. इथे वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नगर खडकाळ खोगिरावर, दोन्ही बाजूंना तुटलेले कडे. तरी ते घसरलं नाही, कारण पायऱ्यांच्या आत मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू-माती असे थर आहेत. अभियंत्यांच्या अंदाजाने इथलं सुमारे साठ टक्के बांधकाम जमिनीखाली आहे. झऱ्याचं पाणी पाटाने आणून सोळा कुंडांतून एकाखाली एक उतरवलं आहे. ओयांताय्तांबोचे पाट आणि कुस्कोच्या भिंती आधी पाहिल्यामुळे हे सगळं इथे एका नजरेत उलगडतं.

पायरी ११: परत

निघण्याआधी प्रत्येकाने स्वतःची सॅक उलटी करून झटका. ट्रेकवर खिशात राहिलेली कोकाची पानं पेरूत कायदेशीर आहेत, भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा. चहाच्या पुड्याही आणू नका, मधल्या विमानतळांवरही अडचण होते. लोकरीची शाल घ्यायची असेल तर चिंचेरोच्या विणकर बायकांकडून घ्या, जिथे धागा रंगवण्यापासून सगळं समोर दिसतं. खऱ्या अल्पाकाची किंमत जास्त असते. रस्त्यावर स्वस्तात मिळतं ते बहुतेक कृत्रिम धाग्याचं. लिमाचं विमान आणि घरचं विमान यांच्यात एक पूर्ण रात्र ठेवा, कारण कुस्कोची विमानं हवामानामुळे रद्द होतात. आणि पिवळ्या तापाचं कार्ड सामानात टाकू नका, पासपोर्टबरोबर हातात ठेवा. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच ते मागतात.